वृद्धांची पाहणी : ‘बरं आहे’ हे उत्तर पुरेसे नाही

(गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या बैठकांतून शेती, रोजगार, शिक्षण, जातिनिर्मूलन हे विषय नेहमी येतात. वृद्धांचा विषय सहसा येत नाही. आलाच तर तो सत्कारसमारंभाच्या निमित्ताने येतो. चळवळीत पन्नास वर्षे घालविलेल्या एखाद्या ज्येष्ठ साथीला शाल व श्रीफळ देऊन आपण ऋणमुक्त होतो आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतो. आज मी मांडणार आहे तो विषय सत्काराचा नव्हे, मोजणीचा आहे. खेड्यातील वृद्ध माणूस कसा जगतो, त्याला किती दिसते, किती ऐकू येते, दिवसाकाठी तो किती खातो, त्याच्याशी कोण बोलते, त्याच्या हाती स्वतःचे म्हणून किती पैसे असतात, याची पद्धतशीर पाहणी आपण करावी, अशी सूचना घेऊन मी आलो आहे. सूचना साधी आहे. परंतु ती नीट अमलात आणायची तर आधी आपल्याच काही समजुती तपासून घ्याव्या लागतील.

आरंभ स्वतःच्या घरापासून करतो. माझी आई अखेरची काही वर्षे गावी एकटीच राहत होती. मी तालुक्याच्या ठिकाणी राहून चळवळीचे काम करी आणि महिन्या-दोन महिन्यांनी गावी एखादी चक्कर मारी. गेलो की माझा प्रश्न ठरलेला, ‘आई, कशी आहेस?’ तिचे उत्तरही ठरलेले, ‘बरं आहे. तुझं काय?’ एकदा मी ओसरीवर बसलो असताना एक तरुण पाहणीची प्रश्नावली घेऊन आला. प्रकृती कशी आहे, असे त्याने विचारले. आई म्हणाली, ‘बरी आहे.’ डोळ्यांचा काही त्रास? ‘नाही.’ त्याने खूण केली आणि तो पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी आई तांदूळ निवडायला बसली. तिची नजर सुपात नव्हती. ती बोटांनी चाचपून खडे काढीत होती. मी विचारले, ‘आई, तुला दिसत नाही का?’ ती म्हणाली, ‘उजव्यानं दिसतं थोडं. डाव्याचं काम संपून दोन वर्षं झाली.’ ‘मग त्या मुलाला नाही का म्हणालीस?’ ती सहज म्हणाली, ‘त्यानं त्रास विचारला. दुखत कुठे आहे? वय झालं, एवढंच.’

पुढे तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ती पुन्हा पायऱ्या उतरून शेजारी जाऊ लागली. त्या तरुणाला मी दोष देत नाही. तो अनोळखी होता, तरी त्याने डोळ्यांविषयी निदान विचारले. मी तिचा मुलगा असून दोन वर्षांत ते विचारले नव्हते. ‘बरं आहे’ हे उत्तर मला सोयीचे होते, म्हणून मी ते खरे मानले. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच की, गरीब व वृद्ध माणसाचे ‘बरं आहे’ हे उत्तर ऐकून जी पाहणी थांबते, ती पाहणी नव्हे. आणि ते उत्तर ऐकून जी समाजव्यवस्था निश्चिंत होते, ती न्यायाची व्यवस्था नव्हे.

हा प्रश्न केवळ माझ्या घरचा नाही. वृद्धांच्या पाहणीचे शास्त्रच या अडचणीशी झगडत आले आहे. आपल्या देशातील या विषयावरची सर्वांत मोठी पाहणी ‘लासी’ या नावाने ओळखली जाते. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी आणि अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या सहकार्याने ती हाती घेतली. तिच्या पहिल्या फेरीचे काम २०१७-१८ मध्ये झाले आणि अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांवरील ७२,००० हून अधिक स्त्री-पुरुषांच्या घरी कार्यकर्ते गेले. त्यांनी केवळ प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी रक्तदाब मोजला, उंची व वजन घेतले, मुठीची ताकद यंत्रावर पाहिली, चार मीटर चालायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून नोंदले, दृष्टी तपासली, दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने त्यांतले किती आठवतात ते पाहिले. त्याच माणसांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावे, म्हणजे म्हातारपण कसकसे येत जाते ते कळेल, अशी या पाहणीची मूळ योजना आहे.

या पाहणीतून निघालेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. साठीपुढील माणसांना विचारले की, तुम्हांला नैराश्याचा विकार आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे काय? शंभरांत एकानेही ‘होय’ म्हटले नाही. हे प्रमाण ०.८ टक्के होते. परंतु ठरावीक प्रश्नांच्या कसोटीने त्याच वयाच्या माणसांची मनःस्थिती तपासली, तेव्हा ते प्रमाण ८.३ टक्के निघाले. म्हणजे दहापट! यांतली नऊ माणसे खोटे बोलत नव्हती. ज्या रोगाचे निदान कोणी केले नाही, तो रोग आपल्याला आहे असे त्यांनी सांगावे तरी कसे? जिथे डॉक्टर नाही तिथे निदान नाही. निदान नाही तिथे आकडा नाही. आणि आकडा नाही तिथे सरकारच्या लेखी रोगही नाही.

अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच मुद्दा भारतातील राज्यांची तुलना करून मांडला होता. आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात सर्वाधिक, आणि बिहारमध्ये अगदी कमी. आता केरळातील माणूस बिहारमधील माणसापेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगतो, हे आपण सारे जाणतो. मग केरळ अधिक रोगी कसे? उत्तर उघड आहे. केरळात शाळा आहे, दवाखाना आहे, म्हणून माणसाला आपला आजार ओळखता येतो आणि तो बोलून दाखविता येतो. ज्याने आयुष्यात दुखण्यावर उपाय झालेला पाहिलेलाच नाही, तो दुखण्याला दुखणे म्हणत नाही. तो त्याला ‘वय’ म्हणतो, ‘नशीब’ म्हणतो. केवळ विचारून केलेल्या पाहणीत सर्वांत वंचित माणूस सर्वांत सुखी दिसू शकतो, हे कार्यकर्त्याने कधीही विसरता कामा नये.

आपण आज ज्या गावात बसलो आहोत त्या गावात हा मुद्दा मांडण्याला एक वेगळा अर्थ आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, या गागोद्यात जन्मले. हा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. विनोबांशी समाजवाद्यांचे नाते आदराचे होते आणि मतभेदाचेही होते. जयप्रकाशजींनी भूदानासाठी १९५४ मध्ये जीवनदान केले. आणि आणीबाणीत विनोबांच्या भूमिकेशी आपल्या चळवळीचे तीव्र मतभेदही झाले. तो वाद आज उकरून काढण्याचे कारण नाही. मला त्यांच्या अखेरच्या दिवसांची आठवण करून द्यायची आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न व औषध घेण्याचे नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांनी औषध घ्यावे म्हणून देश विनवीत होता. त्यांनी ते समजून-उमजून दूर सारले. त्या निर्णयाविषयी कोणाचे काहीही मत असो, तो एका स्वतंत्र माणसाचा निर्णय होता, हे कोणी नाकारणार नाही.

परंतु पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या वाड्यांत जी म्हातारी एक वेळचे जेवण आणि सगळे औषध सोडून बसली आहे, तिने काय सोडले आहे? तिला विनविले कोणी? त्याग करायचा तर आधी ती वस्तू हाती असावी लागते. जे कधी मिळालेच नाही ते सोडता येत नाही. आपल्या समाजाला संतोषाचे मोठे कौतुक आहे, आणि ते रास्तही आहे. पण त्या कौतुकाच्या आड आपण अभावालाही संतोष म्हणू लागलो आहोत. ‘आमचे जुने लोक किती थोडक्यात भागवितात’ असे म्हणताना, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग होता काय, हे आपण विचारीत नाही. संयम कोणता आणि उपासमार कोणती, हे वेगळे करून दाखविणे हे पाहणीचे पहिले काम आहे.

दुसरा प्रश्न वृद्ध कोणाला म्हणावे हा. सरकारचे उत्तर वयाचे आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासाठी साठ, राज्याच्या श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट, आणि २०२४ मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता सुरू झालेल्या आयुष्मान भारत विम्यासाठी सत्तर. परंतु शरीर हे कॅलेंडर पाहून म्हातारे होत नाही; ते कामाने म्हातारे होते. या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. वीस-पंचवीस हंगाम विटा वाहिलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर पन्नाशीतच निकामी झालेली असतात. मग त्याला मुकादम नेत नाही. तो वाडीत मागे राहतो. त्याला मजुरी मिळत नाही कारण तो म्हातारा झाला आहे, आणि निवृत्तिवेतन मिळत नाही कारण तो म्हातारा झालेला नाही! ‘लासी’ने आपली पाहणी पंचेचाळीसपासून सुरू केली यात मोठे शहाणपण आहे. आपणही साठीची वाट पाहू नये.

आणि वय तरी कशावरून ठरवायचे? ज्यांचा जन्म कोठे नोंदला गेला नाही अशा वृद्धांची संख्या आजही मोठी आहे. ओळखपत्रावर कोणीतरी अंदाजाने एखादे साल घातलेले असते आणि तेच पुढे ब्रह्मवाक्य होऊन बसते. म्हणून जाणते पाहणीदार वय थेट विचारीत नाहीत. ते घटना विचारतात. कोयनेचा भूकंप झाला, १९६७ च्या डिसेंबरात, तेव्हा तू केवढी होतीस? बहात्तरच्या दुष्काळात तुझे लग्न झाले होते का, कडेवर मूल होते का? कुलाब्याचे रायगड झाले, १९८१ साली, तेव्हा थोरला शाळेत जात होता का? अशा प्रश्नांतून वय जवळपास नेमके निघते. एवढेच नव्हे, तर त्या निमित्ताने माणूस बोलू लागतो. पाहणीचा कागद भरण्यापूर्वी माणूस बोलता होणे अधिक महत्त्वाचे आहे.

तिसरी गोष्ट. वृद्धाचे स्वास्थ्य म्हणजे केवळ त्याचे रोग नव्हेत. रक्तदाब आणि मधुमेह मोजलेच पाहिजेत. परंतु तेवढ्यावर थांबलो तर आपण वैद्यकीय शिबिर भरविले असे होईल. दात नसलेला माणूस भाकरी कशी खातो? ऐकू येत नसलेल्या माणसाशी घरात कोणी दिवसभरात किती वाक्ये बोलते? रात्री लघवीला उठावे लागते तेव्हा बाहेर दिवा आहे काय? घर कोणाच्या नावावर आहे? नवऱ्यामागे बाईचे नाव सातबारावर लागले काय? वृद्ध स्त्रियांत विधवांचे प्रमाण पुरुषांतील विधुरांच्या कितीतरी पट असते; म्हणून वार्धक्याचा प्रश्न हा फार मोठ्या प्रमाणावर एकट्या, भूमिहीन स्त्रीचा प्रश्न आहे. आणि साठविलेल्या पैशाचे काय झाले? हा प्रश्न पेण तालुक्याला विचारण्याची गरज नाही, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने २०१० साल आठवावे. पेण अर्बन बँक त्या वर्षी बुडाली आणि ज्यांनी म्हातारपणासाठी पै पै करून ठेवी ठेवल्या होत्या, त्यांची म्हातारपणे ठेवपावत्या हाती धरून रांगेत गेली. त्या रांगेत उभे राहिलेल्यांच्या प्रकृतीवर त्याचा काय परिणाम झाला, हे रक्तदाबाच्या आकड्यावरून कसे कळणार?

आता पैशाचाच हिशेब मांडू. केंद्र सरकारने वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, महिना ७५ रुपये. २००७ पर्यंत त्याचे २०० रुपये झाले. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा त्यानंतर वर्षानुवर्षे त्या दोनशेवरच राहिला. दिवसाला सात रुपयेही नाहीत. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये श्रावणबाळ योजनेचे अनुदान १,५०० रुपये केले. म्हणजे दिवसाला पन्नास. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा त्या वेळीही २१,००० रुपयेच होती. आता पाहा, २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा मजुरीदर दिवसाला २७३ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने वर्षात ७७ दिवस ते काम केले तर २१,०२१ रुपये होतात आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते! म्हणजे सरकारच्या एका योजनेतले काम पुरते मिळाले की दुसरी योजना हातची जाते. ही अट खरोखर पाळली तर जवळजवळ कोणीच पात्र ठरणार नाही. म्हणून ती पाळली जात नाही आणि प्रत्येकाला खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणाचे तरी पाय धरावे लागतात. गरिबाला खोटे बोलायला लावणारा आणि मग त्या खोट्याच्या धाकात ठेवणारा नियम हा प्रशासनाचा दोष नव्हे. तो राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा दोष आहे.

एवढे करून नाव नोंदले, तरी दरवर्षी हयातीचा दाखला आहे. बँकेत यंत्रावर अंगठा ठेवायचा आहे. ज्याने जन्मभर विटा, दगड आणि नांगर हाताळला त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्याला ओळखीत नाही. ज्या श्रमाबद्दल निवृत्तिवेतन द्यायचे, तोच श्रम ते नाकारण्याचे कारण ठरतो.

येथे मी तुम्हांला थोडे दूर घेऊन जातो. वृद्धांची मोजणी करून त्यांच्यासाठी हक्क मिळविल्याचा एक जुना दाखला इंग्लंडमध्ये आहे. चार्ल्स बूथ नावाचा एक श्रीमंत जहाजमालक. तो समाजवादी नव्हता. लंडनच्या गरिबीची घरोघर पाहणी करताना त्याच्या ध्यानात आले की, दारिद्र्याचे एक मोठे कारण आळस किंवा दारू नसून निव्वळ म्हातारपण हे आहे. १८९४ मध्ये त्याने इंग्लंड व वेल्समधील गरीब वृद्धांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सर्वांना निवृत्तिवेतन द्या अशी मागणी केली. कामगार संघटनांनी ती मागणी उचलून धरली. १९०८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वेतन मिळू लागले. त्यातही उत्पन्नाची मर्यादा होती, आणि योगायोग असा की पूर्ण वेतनासाठी ती एकवीस पौंडांची होती! सद्‌वर्तनाची अटही होती. त्या अटी पुढच्या लढ्यांनी हळूहळू मोडून काढल्या. आकडे आपोआप न्याय देत नाहीत, पण आकड्यांवाचून मागणी हवेत राहते, हे त्या इतिहासावरून दिसते.

आपल्याकडेही हे घडले आहे. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्रात काम मागणे हा हक्क झाला. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांना महिना ४५ रुपये निवृत्तिवेतन सुरू केले; शेतमजूर हाही निवृत्त होतो, हे सरकारी कागदावर त्यामुळे उमटले. २०१२ मध्ये बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने दिल्लीत जंतरमंतरवर पेन्शन परिषदेने धरणे धरले. मागणी स्पष्ट होती: असंघटित श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन, आणि तेही दारिद्र्यरेषेची अट न लावता. मघाच्या २७३ रुपयांचा दर धरला आणि महिन्याचे सव्वीस दिवस मोजले, तरी ती रक्कम साडेतीन हजारांच्या घरात जाते.

मला ‘श्रावणबाळ’ या नावाविषयीही एक शब्द बोलायचा आहे. नाव हृद्य आहे. मातापित्यांना कावडीत घालून नेणाऱ्या मुलाची आठवण कोणाला हलवीत नाही? परंतु त्या नावाने एक घोटाळा होतो. राज्य हे पुत्र नव्हे आणि निवृत्तिवेतन ही पुत्रभक्ती नव्हे. म्हातारीने चाळीस वर्षे भात लावला, मिठागरावर मीठ ओढले, पोरे वाढविली. ती देशाची मिळकत निर्माण करीत होती. तिला जे द्यायचे ते तिच्या श्रमाचे राहिलेले देणे आहे. भक्ती कमी-अधिक होऊ शकते, देणे कमी-अधिक होत नाही. हीच गोष्ट २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक कायद्याविषयी. मुलांनी आईबापांना सांभाळावे, हे योग्यच. पण जो मुलगा स्वतः पनवेलच्या नाक्यावर रोज कामाची वाट पाहत उभा राहतो, त्याच्यावर दावा लावून म्हातारीच्या पदरात काय पडणार? आणि ‘मुलगा’ म्हणताना प्रत्यक्षात सांभाळते कोण? सून सांभाळते, तीच मजुरीला जाते, तीच पाणी आणते, तीच म्हाताऱ्याचे अंथरूण धुते. पाहणी करताना तिलाही विचारा. ती आरोपी नाही. ती या व्यवस्थेची बिनपगारी कामगार आहे.

कोणी म्हणेल, पाहण्या पुष्कळ झाल्या; आणखी एक कशाला? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. गरिबाच्या दारात दर दोन वर्षांनी कोणीतरी कागद घेऊन येतो, त्याची नाडी पाहतो आणि निघून जातो. अशा पाहणीत गरीब हा केवळ कच्चा माल असतो. मोठ्या पाहण्या आवश्यक आहेत; परंतु त्यांचे निष्कर्ष फार तर राज्यापुरते बोलतात. या वाडीतल्या चौदा म्हाताऱ्यांपैकी किती जणांना मोतीबिंदू आहे, हे त्या सांगू शकत नाहीत आणि ते त्यांचे कामही नाही. ते आपले काम आहे. म्हणून आपली पाहणी काही नियमांनी बांधलेली असावी.

पहिला नियम, ज्या गावात पाहणी करू त्या गावात परत जाऊ. निष्कर्ष ग्रामसभेपुढे वाचू. मात्र कोणाचे नाव व कोणाचे दुखणे चव्हाट्यावर आणणार नाही. दुसरा, पहिल्या भेटीत कागद काढणार नाही. तिसरा, घरच्या माणसांदेखत घरच्या माणसांविषयी विचारणार नाही. चौथा, जिथे शक्य आहे तिथे विचारण्याऐवजी पाहू : डोळा झाकून बोटे मोजायला सांगू, उठून चार पावले चालायला सांगू, आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन रक्तदाब मोजू, चुलीवरचे भांडे पाहू. पाचवा, ज्याला मोतीबिंदू दिसला त्याचे नाव केवळ यादीत ठेवणार नाही. त्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत एक कार्यकर्ता त्याला बांधलेला राहील.

आणि सहावा नियम हा की, आपण माणसांप्रमाणे सरकारचीही पाहणी करू. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी वेगळी तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष सांगितलेला आहे. आपल्या केंद्रात तो दिवस कोणता, हे गावाला ठाऊक आहे काय? त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात की चार दिवसांच्या? सत्तरीपुढील माणसाला पाच लाखांचा विमा आहे; पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा आहे. रोजची गोळी, चष्मा, कवळी, गुडघ्याचे दुखणे, आणि वाडीपासून दवाखान्यापर्यंतचे गाडीभाडे त्यात येत नाही. वृद्धाचे आयुष्य मात्र याच गोष्टींवर चालते. ही दोन्ही बाजूंची मोजणी शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ग्रामसभेतला ठराव केवळ विनंती राहत नाही, तो हिशेब होतो.

मित्रहो, २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती. २०५० पर्यंत ती एकतीस-बत्तीस कोटी होतील असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आज येथे बसलेले तरुण कार्यकर्ते त्या आकड्यात असणार आहेत. परंतु मी तुम्हांला तुमच्या म्हातारपणाची भीती घालून कामाला लावू इच्छीत नाही. ज्यांच्या श्रमावर आपण उभे आहोत ती माणसे आज आहेत, आणि त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.

म्हणून पुढच्या बैठकीची वाट न पाहता आरंभ करा, आणि तो आपापल्या घरातूनच करा. आज रात्री घरी गेल्यावर आईला किंवा वडिलांना ‘कशी आहेस’, ‘कसे आहात’ एवढे विचारून थांबू नका. जवळ बसा. सुईत दोरा ओवायला सांगा. काल रात्री काय जेवलात ते विचारा. शेवटचे घराबाहेर कधी पडलात ते विचारा. ‘बरं आहे’ असे उत्तर आले, तर ते पाहणीचे पहिले उत्तर समजा आणि दुसरा प्रश्न विचारा. तो दुसरा प्रश्न मी माझ्या आईला दोन वर्षे उशिरा विचारला. तुम्ही तो उशीर करू नका, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.